अण्णांची कवळी आणि हिरवं शेवाळ

सोमवार, ४ मार्च

प्रिय शेंडेफळास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडची खुशाली कळव, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू कळवणार नाहीस हे मला माहीत आहे. फोन तू उचलत नाहीस, निरोप वाचतेस आणि वाचलाच नाही असा आव आणतेस. पण बंद पाकीट समोर आलं की ते फोडल्याशिवाय तुला चैन पडत नाही. लहानपणी तर दुसऱ्यांच्या नावची पाकिटंही तुला वर्ज्य नव्हती. म्हणून हा जुना मार्ग.

आधी बातम्या. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा गळती सुरू झाली आहे. प्लंबर आला, छताकडे बघून मान हलवली, चहा प्यायला आणि गेला. गळती आहे, यावर आमचं एकमत झालं. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, त्यामुळे आरशातली मी आता जास्त स्पष्ट दिसते. हा फायदा मी मागितला नव्हता.

अण्णा बरे आहेत. सूप घेतात.

आत्याला तू विचारलंस म्हणे, ‘ताई हल्ली करते तरी काय?’ आणि आत्याने सांगितलं, ‘समुद्रातला पाला मोजते.’ उत्तर अगदीच चूक नाही. ओहोटीच्या वेळी खडकांवर उघडं पडणारं ते हिरवं शेवाळ तू पाहिलं आहेस. कोबीच्या आतल्या पानासारखं पातळ. त्याच्यावरून तू एकदा सपशेल आडवी झाली होतीस आणि दोष मला दिला होतास. त्या शेवाळाच्या प्रत्येक पेशीत त्याची सगळी कुळकथा लिहिलेली असते, तिला जीनोम म्हणतात. ती आम्ही वाचतो. पंचाईत अशी की यंत्राला ती अखंड वाचता येत नाही. तिचे अगणित बारीक तुकडे करून ते वाचतं, आणि मग कुठला तुकडा कुणाशेजारी, हे जुळवत बसायचं काम माझं आणि संगणकाचं.

हे मी अण्णांना सांगितलं. आयुष्यभर लोकांच्या कवळ्या केलेला माणूस, लगेच म्हणाला, “म्हणजे फुटलेली कवळी जोडायची.”

“हो, पण पोत्यात एकाच तोंडाची नाही. सगळ्या वस्तीच्या कवळ्या एकदम फुटल्यात.”

“मग अवघड आहे,” अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे प्रथमच जरा आदराने बघितलं.

वस्ती म्हणजे जिवाणूंची. या शेवाळाच्या अंगावर ते कायमचे मुक्कामाला असतात. शेवाळ कुस्करलं की त्यांचेही तुकडे आमच्या पोत्यात येतात. आणि आमचे प्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे निर्मळराव म्हणतो, त्यांना नेमकं हेच खपत नाही. ते हात धुतात, मग नळ धुतात, मग नळाला हात लागला म्हणून पुन्हा हात धुतात. त्यांनी आधी शेवाळालाच औषधांची अंघोळ घातली. जिवाणू मेले, शेवाळ शुद्ध झालं, आणि पान व्हायचं सोडून नुसता बेढब गोळा होऊन बसलं. या बयेला स्वतःचा आकार धरायलासुद्धा त्या जिवाणूंची संगत लागते. निर्मळराव त्या गोळ्याकडे असे बघत बसायचे, की जणू पोटच्या पोराने परीक्षेत दिवे लावलेत.

शेवटी असं ठरलं की शेवाळ न धुता आणायचं आणि सफाई संगणकात करायची. जो तुकडा कुठल्याही माहितीतल्या जिवाणूशी जुळेल, तो बाहेरचा, काढून टाका. ती चाळणी मी लिहिली. फेकलेले तुकडे जिथे जातात त्या जागेला मी ‘गाळ’ असं नाव दिलं. सफाईनंतर जीनोम असा लख्ख निघाला की निर्मळरावांनी त्या दिवशी हात एकदाच धुतले. वर एक शोधही लागला. ओहोटीत उन्हाने वाळूनसुद्धा जिवंत राहायला एक विशिष्ट जनुक लागतं, आणि ते या शेवाळात नाहीच! म्हणजे हे बापडं जगतं ते अंगावरच्या जिवाणूंच्या उसनवारीवर. निर्मळराव त्यावर मोठा लेख लिहितायत. लांब तुकडे वाचणाऱ्या नव्या यंत्राचे निकाल यायचे आहेत, पण ते आपले शिक्का मारण्यापुरते.

आता ज्याच्यासाठी पाकीट, ते.

हे न धुतलेलं शेवाळ आणायला खडकांवर जावं लागतं. अण्णा घरात बसून आंबले होते म्हणून बादली धरायला मी त्यांना नेऊ लागले. तिथे एक बाई दगडावर बसून चित्र काढत होत्या. निवृत्त चित्रकला-शिक्षिका, आमच्या संस्थेसाठी शेवाळांची चित्रं काढतात. निर्मळराव त्यांना म्हणाले होते, “चित्रातली ती वाळू आणि गोगलगाईची अंडी तेवढी काढून टाका.” बाई म्हणाल्या, “मी घातली नाहीत. तुम्ही तिथे जाऊन ती काढून या, मग मी खोडते.” तेव्हापासून निर्मळराव त्यांना वचकून असतात.

त्या दिवशी परतल्यावर अण्णा जिन्यात थांबून म्हणाले, “त्या बाईंचे सगळे दात स्वतःचे आहेत.”

अण्णांना मी जन्मापासून ओळखते. इतक्या उत्कटतेने ते आईबद्दलही कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आईबद्दल ते बोलायचेच नाहीत, नुसते तिचं ऐकायचे. ती त्यांची तऱ्हा.

पुढचं तुला ठाऊक आहे. अण्णांनी तुला फोन केला. त्या बाईंशी लग्न करावं म्हणतो, म्हणाले. थाटमाट नाही, कचेरीत जाऊन सह्या. साक्षीदार तीन लागतात, एक तुमची आत्या, आणि मला मुली दोन आहेत. तू एवढंच विचारलंस, “आईचा रेडिओ तिने हलवला म्हणे, खरं का?” आणि उत्तराला न थांबता फोन ठेवलास.

आत्या बातमी देते ती नेहमी अर्धी. उरलेली अर्धी माझ्याकडून घे. बाई घरी एकदाच आल्या, चहाला. आई गेल्यापासून तिचा रेडिओ तिनेच लावलेल्या स्टेशनवर आहे. बटणाला हात लावायची कुणाची टाप नाही. तो खरखरतो आणि आम्ही भक्तिभावाने खरखर ऐकतो. बाईंनी विचारलं, “हे असंच ऐकता?”

“स्टेशन बदलायचं नाही,” अण्णा म्हणाले.

“कोण बदलतंय?” असं म्हणून बाईंनी एरियलच्या तारेचं टोक तेवढं खिडकीकडे वळवलं. आई गेल्यावर पहिल्यांदा त्या रेडिओतून गाणं ऐकू आलं. तर, हलवला हे खरं.

तारीख अजून ठरायची आहे. तू येशील ना? रागावून आलीस तरी चालेल. राग ठेवायला घरात भरपूर जागा आहे, फक्त गळतीखाली ठेवू नकोस.

तुझी, अजून फोन कानाला लावून बसलेली,
ताई


गुरुवार, २१ मार्च

प्रिय शेंडेफळास,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. दोन ओळींत माणसाला इतकं बोलता येतं हे मी विसरले होते. पहिली ओळ, ‘बाहेरच्या बाईला घरात घ्यायला माझी सही लागत असेल, तर ती मिळणार नाही.’ ठीक. ही मला अपेक्षितच होती. दुसरी ओळ मात्र वाचून मी कार्ड उलटं करून ठेवलं. ‘अण्णा सूप कधीपासून प्यायला लागले?’

तुला वकील व्हायला हवं होतं. एवढ्या लांबलचक पत्रात मी दोनच शब्द दडपून लिहिले होते, तू नेमके तेच उचललेस. सुपाकडे येते. आधी माझी फजिती ऐक. आपल्या घरात वाईट बातमी नेहमी दुसऱ्या वाईट बातमीच्या पाठीमागून येते, आईची ती पद्धत होती.

नव्या यंत्राचे निकाल आले. जुनं यंत्र कुळकथेचे शब्द वाचत होतं, हे पानंच्या पानं वाचतं. शिक्का मारायचा म्हणून मी एक लांब तुकडा उघडला. डाव्या टोकाला शेवाळाचं स्वतःचं जनुक. उजव्या टोकाला शेवाळाचं स्वतःचं जनुक. आणि दोघांच्या मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत असल्यासारखं, ते आमचं ‘नसलेलं’ जनुक. उन्हात तग धरायचं.

मी गाळ उपसला. ते तिथे होतंच. जिवाणूच्या जनुकाशी जुळलं म्हणून माझ्या चाळणीने पहिल्याच दिवशी बाहेर काढलं होतं.

बैठकीत निर्मळराव लेखाचं नाव वाचून दाखवत होते, ‘उसनवारीवर जगणारं शेवाळ’. त्यांचं वाचून झाल्यावर मी घसा खाकरला.

“सर, ते जनुक आहे.”

“कुठे?”

“गाळात.”

“गाळात म्हणजे?”

“आपण फेकलेल्यात.”

“आपण?”

“मी फेकलं. तुमच्या नियमाने.”

“अहो, पण ते जिवाणूचं आहे!”

“होतं.”

मग मी पडद्यावर दाखवलं. मूळचं ते जिवाणूकडूनच आलेलं, त्यात शंका नाही. पण येऊन युगं लोटली आहेत. शेवाळाच्या जनुकांमध्ये मधूनमधून रिकाम्या मजकुराचे खंड असतात, जिवाणूंच्या जनुकांत असे नसतात. याच्यात ते होते. सासरी येऊन इतका काळ झाला की तिथलीच बोली तोंडात बसली आहे, माहेरचं फक्त नाक-डोळे उरलेत. माझी चाळणी नाक-डोळे बघत होती. ते बसलंय कुठे, बोलतंय काय, हे बघायचं तिला मी सांगितलंच नव्हतं.

निर्मळरावांनी खिशातून रुमाल काढला आणि टेबल पुसलं. मग रुमालाची दुसरी बाजू काढून पुन्हा पुसलं. मला वाटलं, आता माझी नोकरीही पुसली जाणार.

“म्हणजे,” ते अखेर म्हणाले, “घरातली वस्तू आपणच अंगणात फेकली, आणि चोरी झाली म्हणून आपणच गाव गोळा करत होतो.”

“गाव अजून गोळा झालेलं नाही, सर. लेख इथेच आहे.”

त्यांनी लेखाच्या नावावर एक लांब रेघ मारली. मला त्या माणसाबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो सगळ्या बैठकीतला एकमेव शहाणा प्रश्न होता. “आणखी काय काय फेकलंय आपण?”

तेव्हापासून मी गाळ निवडत बसले आहे. एकेक तुकडा उचलायचा, नव्या लांब वाचनाशेजारी ठेवायचा, बघायचं हा खरोखर पाहुणा की घरचा. बहुतेक पाहुणेच निघतात, हेही सांगायला हवं. चाळणी अगदीच गाढव नव्हती.

आता तू म्हणशील, आली ताई तात्पर्यावर. नाही आले. शेवाळ ते शेवाळ, आपण आपण. शेवाळाला आई नसते, रेडिओ नसतो, आत्या नसते, त्यामुळे त्याचं सगळं सोपं असतं.

सूप.

तू फोन ठेवलास त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा बादली घेऊन एकटेच खडकांवर गेले. मी म्हटलं येते, तर म्हणाले, तुला कचेरीला उशीर होईल. परत आले ते नेहमीसारखे, बादली भरून. बूट काढताना मला पाठमोरे राहून म्हणाले, “सांगून आलो त्यांना. नाही जमायचं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, बादली जड आहे, दोन्ही हातांनी धरा.”

बस. याच्यापलीकडे एक शब्द नाही. मी विचारलं, शेंडेफळामुळे का? तर म्हणाले, “तिचं नाव मध्ये आणायचं नाही. माझं मलाच वाटलं.” तुला वाचवायची त्यांची पद्धत तुला ठाऊक आहे. फुलदाणी तू फोडलीस तेव्हाही वाऱ्याने पडली होती.

त्या संध्याकाळपासून कवळी पेल्यात आहे. स्वतःच्या हाताने केलेली, जिच्याबद्दल ते म्हणायचे की हिच्याने अक्रोड फोडून दाखवतो, ती पाण्यात बुडून आमच्याकडे बघून हसते. विचारलं तर म्हणतात, हिरड्या दुखतात. हिरड्यांना काही झालेलं नाही, मी टॉर्च लावून बघितलं. दात नाहीत म्हणून चावणं नाही, म्हणून सूप. आणि दात नसले की शब्द बोबडे होतात, त्याची त्यांना लाज वाटते, म्हणून बोलणंही जवळपास बंद. सगळ्या गावाला चावायला दात दिले त्या माणसाने, आणि आता दुधात पाव भिजवून खातो.

हे पहिल्या पत्रात का नाही लिहिलं? लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताई धमकी देतेय. आणि खोटं कशाला बोलू, थोडी दिली असतीच. माझी इच्छा होती की तू आपणहून यावंस, मग अण्णांना म्हणता आलं असतं, बघा, ती आली, आता बाईंना पुन्हा विचारा. माझ्या हुशारीचं नेहमी असंच होतं, शेवट तिला ठाऊक असतो, मधलं पानच सापडत नाही.

पण आणखी एक आहे, आणि ते याहून वाईट.

अण्णा ‘नाही जमायचं’ म्हणाले ना, तेव्हा मला बरं वाटलं. एक संध्याकाळ. लग्न झालं असतं तर ते बाईंच्या घरी राहायला जाणार होते. तळमजला आहे, जिना चढायला नको, मागे चार झाडं आहेत. म्हणजे इथे मी, माझी गळती, आणि खरखर न करणारा रेडिओ. संसाराचा प्रयोग मी एकदा करून पाहिला, निष्कर्ष तुला माहीत आहे. अण्णांच्या बुटांचा आवाज जिन्यात ऐकायची मला इतकी सवय झाली आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मी गुणगुणत सूप केलं. गुणगुणत, बरं का! वाटलं, आज जरा मऊसूत काहीतरी देऊ. मग दुसऱ्या दिवशीही त्यांनी सूपच मागितलं, आणि तिसऱ्या दिवशीही, आणि माझं गुणगुणणं बंद पडलं.

तेव्हा तू ‘बाहेरची’ लिहिलंस म्हणून तुझ्यावर फार रागावता येत नाही मला. तुझ्या चाळणीला मीच भोकं पाडून दिली असती.

बाईंबद्दल म्हणशील तर त्या खडकांवर येतात. चित्र काढतात. मी गेले की विचारतात, “बादली कोण उचलतं हल्ली?” मी म्हणते, मीच. त्या म्हणतात, “पाठ सांभाळा.” अण्णांचं नाव काढत नाहीत. मात्र बसतात त्या दगडावर एका कडेला, उरलेली जागा मोकळी सोडून.

सही देऊ नकोस. मी मागत नाही. पण अण्णांना एक फोन कर. हवामान विचार, भाजीचा भाव विचार, काहीही विचार. वाटलं तर माझ्याशी बोलू नकोस, मी फोन लगेच त्यांच्याकडे देईन.

तुझ्याइतकीच कोती,
ताई


शनिवार, ६ एप्रिल

प्रिय शेंडेफळास,

आशीर्वाद वगैरे. घाईत आहे, म्हणजे घाई कसलीच नाही, पण हे आत्ता लिहिलं नाही तर उद्या मी त्यात शोभेच्या वस्तू घालेन.

आज दुपारी तुझा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “अण्णांना दे. माझ्या दाढेची टोपी निघाली.”

मी आत हाक मारली. अण्णांनी पलंगावरूनच हात हलवून नाही म्हटलं आणि तोंडाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, “शेंडेफळ आहे. दाढेची टोपी निघालीय.” ते उठले. मला हातानेच ‘फोन ठेवू नको’ अशी खूण केली. पेल्याकडे गेले, कवळी काढली, नळाखाली धुतली, इतकी सावकाश, की निर्मळरावांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तोंडात बसवली. दोनदा जबडा हलवून बघितला. तू तिकडे ‘हॅलो, हॅलो’ करत होतीस, ते एवढ्यासाठी. घसा खाकरला आणि मग फोन घेतला.

“हं, बोल. वरची की खालची?”

पुढची एकच बाजू मला ऐकू आली. मी स्वयंपाकघरात गळतीखाली पातेलं धरून उभी होते. पातेलं खाली ठेवता आलं असतं, पण पाणी वाजलं असतं.

“गरम लागतं की गार? … चावून बघू नकोस, अगं! … टोपी आहे ना? गिळली नाहीस ना? … मग डबीत ठेव, रुमालात नको, हरवशील. लहानपणापासून हरवतेस. … डॉक्टर नवीच बसवू म्हणतील. ऐकू नकोस. तीच बसवायला सांग. ती माझ्या हातची आहे.”

मग बराच वेळ अण्णांनी नुसतं ऐकलं. तू काय बोलत होतीस ते मी विचारणार नाही. तुझी दाढ खरंच दुखत होती का, हेसुद्धा नाही.

“हं,” अण्णा म्हणाले. मग, “हं.” मग एकदम, “हो. सगळे.”

पुन्हा तुझी पाळी.

“नाही गं, अक्कलदाढा कुठे असतात कुणाला! त्या सोडून. … नाही, एकही भरलेला नाही. … मऊ ब्रशने. हो, दोन वेळा. … मी विचारलं होतं ना! … माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात इतके देखणे दात दुसरे बघितले नाहीत. … आईचे? तुझ्या आईचा पुढचा दात जरा वाकडा होता. म्हणून तर मी दुकानातून उठून बाहेर आलो होतो, नीट बघायला.”

ही गोष्ट मला माहीत नव्हती. तुला होती का? मला वाटलं नव्हतं की अण्णांकडे आईबद्दलचं अजून एवढं न सांगितलेलं शिल्लक असेल.

फोन ठेवल्यावर त्यांनी कवळी काढली नाही. स्वयंपाकघरात आले, पावाची कडक झालेली कड उचलली आणि उभ्याउभ्या चावून खाल्ली. मोठा आवाज करत. मी पाठमोरीच राहिले. चेहरा दाखवायच्या अवस्थेत नव्हते.

“तुमच्या शेवाळाचं काय झालं?” त्यांनी विचारलं. कित्येक दिवसांनी.

मी सांगितलं. गाळ निवडून संपत आला. आणखी थोडे तुकडे घरचे निघाले, ते आपापल्या जागी बसवले. निर्मळरावांनी लेखाचं नवं नाव ठेवलंय, इतकं कंटाळवाणं की खरंच असणार. आणि मुखपृष्ठासाठी त्यांनी बाईंचं चित्र मागितलंय, वाळू आणि अंड्यांसकट. माझ्यादेखत मागितलं. मागण्यापूर्वी हात धुतले.

अण्णा हसले. मग खिडकीबाहेर बघत, जणू कुणी दुसऱ्याने विचारायला सांगितलंय अशा आवाजात म्हणाले, “ओहोटी कधी आहे?”

“आत्ताच आहे.”

त्यांनी बूट घातले. कंगवा फिरवला. जिन्यात त्यांची पावलं उतरत गेली, आणि मी ती शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. तुला आता माहीत आहे मी ती का ऐकते. मग दाराशी बघते तर बादली तिथेच. विसरले असतील असं मला आधी वाटलं. नंतर नाही वाटलं.

याला बराच वेळ झाला. आता भरती लागून खडक पाण्याखाली गेले असणार. म्हणजे ते खडकांवर नाहीत, कुठेतरी कोरड्यात बसले आहेत. रेडिओ चालू आहे, आईच्या स्टेशनवर, आणि त्यातला प्रत्येक शब्द कळतोय. मला जरा एकटं वाटतंय, पण माणूस सूप प्यायला लागला की घरात जे वाटायचं, त्याच्यापुढे हे काहीच नाही. त्याची सवय होईल. नाही झाली तर तुझ्याकडे येऊन राहीन, घाबरून अस.

आज मी सूप केलेलं नाही.

दाढ बसवून घे. आणि आत्या सोडून साक्षीदार दोन लागतात, त्यातली एक इथे बसली आहे.

ताई